लालीची मोजपट्टी आणि सावळी त्वचा : स्तनकर्करोगावरील किरणोपचारातील वांशिक तुलनेची चिकित्सा (वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर अनेक स्त्रियांना किरणोपचार घ्यावा लागतो. स्तनात किंवा छातीच्या भिंतीत शिल्लक राहिलेल्या कर्करोगपेशी या उपचाराने नष्ट होतात आणि रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याची शक्यता कमी होते. मात्र त्या पेशींपर्यंत पोहोचण्यासाठी किरणांना त्वचा ओलांडूनच जावे लागते. त्यामुळे उपचार सुरू असताना, तसेच तो संपल्यावर काही दिवसांनी, त्या भागातील कातडी लाल होणे, काळवंडणे, खाजणे, कोरडी होऊन सुटणे आणि काहींच्या बाबतीत ओली होऊन सोलली जाणे असे परिणाम दिसून येतात. वैद्यकीय परिभाषेत यास किरणजन्य त्वचादाह असे म्हणतात. विदर्भातील ग्रामीण रुग्ण किरणोपचारालाच ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. ‘शेकाने छाती भाजली’ या वाक्यात त्या स्त्रीने स्वतःचे निदान स्वतःच सांगितलेले असते.

गेल्या काही दशकांत, विशेषतः अमेरिकेत, या त्वचादाहाचे प्रमाण व तीव्रता निरनिराळ्या वंशांच्या स्त्रियांमध्ये वेगवेगळी असते काय, या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे. या अभ्यासांचे निष्कर्ष आपल्याकडील अध्यापनात आणि संशोधनात सहजपणे उद्धृत होतात. परंतु ‘वंश’ ही संकल्पना, त्वचादाह मोजण्याची पद्धत आणि ज्या स्त्रियांवर हे मोजमाप झाले त्यांची परिस्थिती, या तीनही गोष्टी तपासून न पाहता असे निष्कर्ष वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशाला लावणे कितपत युक्त आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. हा प्रश्न केवळ ज्ञानशास्त्रीय नाही. ‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनकर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतील फार मोठ्या संख्येच्या स्त्रियांची त्वचा गव्हाळ ते काळी या पट्ट्यात मोडते, आणि नेमक्या याच त्वचेवर दाहाची प्रचलित मोजपट्टी अडखळते.

अमेरिकी अभ्यास काय सांगतात

२००७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’ या नियतकालिकात रायन व सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारानंतर रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या त्वचेच्या तक्रारी वंशानुसार भिन्न होत्या, उपचाराच्या प्रकारानुसार किंवा रुग्णांच्या पूर्वअपेक्षांनुसार नव्हत्या, असे या अभ्यासाचे शीर्षकच सांगते. कृष्णवर्णीय अमेरिकी रुग्णांनी अधिक तीव्र त्रास नोंदविला होता. हा अभ्यास केवळ स्तनकर्करोगापुरता मर्यादित नव्हता. पुढे २०१४ मध्ये राईट व सहकाऱ्यांनी स्तन काढून टाकल्यानंतर छातीच्या भिंतीवर किरणोपचार घेणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये त्वचादाह अधिक तीव्र आढळला.

या दोन अभ्यासांचे महत्त्व नाकारता येत नाही. काळी त्वचा किरणांना अधिक ‘सोसते’ हा समज रुग्णांमध्ये आढळतो आणि काही प्रमाणात शिकलेल्यांमध्येही आढळतो. त्याला या अभ्यासांनी चांगलाच धक्का दिला. हा समज सूर्यप्रकाशावरून आलेला आहे. त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरण अडवते हे खरे; पण किरणोपचारात वापरले जाणारे क्ष-किरण किंवा गॅमा किरण इतके भेदक असतात, की त्यांच्या दृष्टीने गोऱ्या व काळ्या कातडीत फरक उरत नाही. त्वचेचा रंग कोणताही असला तरी तिला पोहोचणारी मात्रा तीच असते.

तथापि येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. २००७ चा अभ्यास रुग्णाच्या सांगण्यावर आधारलेला होता, तर चिकित्सालयांतील बहुसंख्य अभ्यास डॉक्टरांनी किंवा परिचारिकांनी डोळ्यांनी पाहून दिलेल्या श्रेणीवर आधारलेले असतात. ही दोन प्रकारची साक्ष एकाच तराजूत घालता येत नाही. त्यातील दुसऱ्या प्रकारच्या साक्षीत काय दडलेले आहे, ते पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

श्रेणीची भाषा

किरणजन्य त्वचादाहाच्या श्रेणी ठरविण्यासाठी दोन पट्ट्या जगभर वापरल्या जातात. पहिली अमेरिकेतील रेडिएशन थेरपी ऑन्कोलॉजी ग्रुप या संस्थेची, १९९५ साली सविस्तर प्रसिद्ध झालेली. दुसरी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची, जिची पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाली. या पट्ट्यांकडे एखाद्या संहितेकडे पाहावे तसे पाहिले, तर एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. पहिल्या श्रेणीचे मुख्य लक्षण फिकी लाली हे आहे. दुसऱ्या श्रेणीचे लक्षण मध्यम किंवा तेजस्वी लाली आणि त्याबरोबर घड्यांमध्ये ठिकठिकाणी ओली सोलपटे. तिसऱ्या श्रेणीपासून मात्र लालीचा उल्लेख गळतो. तेथे घड्यांबाहेरही कातडी ओली होऊन सोलणे, किरकोळ घर्षणाने रक्त येणे ही लक्षणे येतात. चौथीत खोल व्रण व पेशीनाश. पहिल्या श्रेणीत कोरडी साल सुटणे, केस गळणे, घाम कमी येणे अशी इतरही लक्षणे आहेत खरी, पण चिकित्सकाची नजर ज्यावर प्रथम जाते ती लालीच.

म्हणजे या पट्टीच्या खालच्या दोन पायऱ्या प्रामुख्याने रंगावर उभ्या आहेत, आणि तो रंग गोऱ्या कातडीवरच स्पष्ट उमटतो. सावळ्या किंवा काळ्या त्वचेत रक्तवाहिन्या फुगल्या तरी वरून लाली दिसत नाही. दिसतो तो गडदपणा, जांभळट किंवा राखाडी छटा, कातडीचा ताठरपणा आणि स्पर्शाला जाणवणारी ऊब. या काळवंडण्याला पहिल्या पट्टीत स्थान नाही. दुसऱ्या पट्टीत ते स्वतंत्र शीर्षकाखाली, त्वचादाहाच्या नोंदीपासून दूर ठेवलेले आहे. परिणामी ज्या स्त्रीच्या छातीची कातडी दुसऱ्या आठवड्यापासून कोळशासारखी होत चालली आहे, तिच्या कागदावर त्वचादाहाची श्रेणी ‘शून्य’ किंवा फार तर ‘एक’ अशी पडू शकते. यात लिहिणाऱ्याची कुचराई नाही. पट्टी त्याला तसेच पाहायला शिकविते.

यावरून वांशिक तुलनेबाबत एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. मोजपट्टीचा हा दोष काळ्या त्वचेची श्रेणी खाली ओढणारा आहे. त्यामुळे ज्या अभ्यासांत वंशांमध्ये काही फरक आढळला नाही, त्यांतील ‘फरक नाही’ हा निष्कर्ष संशयास्पद ठरतो. तो पट्टीच्या आंधळेपणाचा परिणाम असू शकतो. उलट राईट यांच्यासारख्या ज्या अभ्यासांत काळ्या स्त्रियांचा दाह अधिक आढळला, तो फरक पट्टीमुळे निर्माण झाला असे म्हणता येत नाही. पट्टी प्रतिकूल असूनही तो दिसला. मात्र तो ‘वंशामुळे’ झाला की सुरुवातीच्या पायऱ्यांवर लक्षण न ओळखल्यामुळे काळजी उशिरा सुरू झाली आणि म्हणून दाह वरच्या पायरीवर गेला, याचा उलगडा अशा अभ्यासातून होत नाही. हे दोन्ही अर्थ एकाच आकड्यात मावतात, आणि बहुतेक उद्धरणांत त्यांपैकी पहिलाच उचलला जातो.

पट्टी बदलली की आकडे किती बदलतात, याचा एक बोलका पुरावा ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीत सापडतो. या चाचणीत तीन आठवड्यांत १५ बैठकांत ४० ग्रे मात्रा देण्याच्या रूढ पद्धतीची तुलना एका आठवड्यात ५ बैठकांत २६ किंवा २७ ग्रे देण्याशी केली होती. ४०९६ रुग्ण तीत सहभागी होते व मुख्य निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. तत्पूर्वी २०१६ मध्ये तिच्या त्वचाविषयक उपअभ्यासांचे निष्कर्ष आले होते. पहिल्या उपअभ्यासात १९९५ ची पट्टी वापरली, तेव्हा ४० ग्रेच्या गटात तिसऱ्या श्रेणीचा दाह ४४ पैकी ६ जणींत (१३.६ टक्के) आढळला. दुसऱ्या उपअभ्यासात राष्ट्रीय कर्करोग संस्थेची पट्टी वापरली, तेव्हा त्याच मात्रेच्या गटात ४३ पैकी एकीतही तो आढळला नाही. देश तोच, मात्रा तीच, चाचणी तीच. येथे वंशाचा प्रश्नच नव्हता. जी मोजणी एका शब्दयोजनेने १३.६ टक्क्यांवरून शून्यावर येऊ शकते, तिच्या आधारे दोन जनसमूहांतील जैविक भेद सिद्ध करताना किती सावधगिरी हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वैद्यकातील उपकरणे गोऱ्या त्वचेला प्रमाण मानून घडविली जातात, ही गोष्ट करोनाच्या काळात एका निराळ्या मार्गाने सर्वांसमोर आली. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर तेव्हा घरोघरी पोहोचले होते. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असे दिसून आले, की हे उपकरण कृष्णवर्णीय रुग्णांमधील प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा हुकवते. तेथे यंत्र हुकते, येथे डोळा हुकतो; आणि डोळ्याच्या चुकीची दुरुस्ती कोणत्याही कंपनीकडे मागता येत नाही.

‘वंश’ कोणता?

अमेरिकी अभ्यासांतील वांशिक रकाने त्या देशाच्या जनगणनेतून आलेले आहेत. त्यांत ‘एशियन’ या एका शब्दाखाली जपानी, चिनी, फिलिपिनो आणि भारतीय स्त्रिया एकत्र येतात. हे वर्गीकरण निसर्गाने केलेले नाही, प्रशासनाने केलेले आहे, आणि ते वेळोवेळी बदललेले आहे. १९२० ते १९४० च्या अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश म्हणून नोंदला जात असे, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली आणि १९८० पासून त्यांच्यासाठी आशियाई भारतीय असा रकाना आला. वर्ध्याहून गेलेले एखादे कुटुंब त्या काळात तेथेच राहिले असते, तर कातडीचा रंग न बदलता त्याचा वंश तीनदा बदलला असता.

मराठी वाचकाला या प्रश्नाची परंपरा नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात जात ही वंशाची विभागणी आहे हा सिद्धांत स्पष्टपणे फेटाळला होता. एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य हे एकाच वंशाचे असू शकतात आणि भिन्न प्रांतांतील ब्राह्मण भिन्न वंशांचे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याआधी इरावती कर्वे १९२७ ते १९३० या काळात बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन करीत होत्या. कवटीची असममिती वंशाशी निगडित असते, ही आपल्या मार्गदर्शकाची अपेक्षा त्यांच्या मोजमापांतून सिद्ध झाली नाही, आणि त्यांनी ते तसेच लिहिले. त्या काळच्या जर्मनीत परदेशातून आलेल्या विद्यार्थिनीने हे करणे सोपे नव्हते. पुढे १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासमवेत महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच सामाजिक दर्जाच्या या आठ गटांतही शारीरिक भेद आढळले. जनसमूहांत जैविक भेद असूच शकत नाहीत असे कर्वे म्हणत नव्हत्या. गट कोणता, तो कसा ठरविला आणि नेमके काय मोजले हे आधी सांगा, एवढाच त्यांच्या कामाचा आग्रह होता. किरणोपचाराच्या साहित्याला हाच आग्रह आजही लागू पडतो.

वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाखांहून थोडी अधिक आहे. कुणबी, तेली, माळी, बौद्ध, मुसलमान, गोंड, कोलाम आणि इतर अनेक समाज जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत राहतात. यांपैकी कोणत्याही समाजाला एक रंग नाही. त्वचेच्या रंगावर प्रभाव असणाऱ्या जनुकांपैकी एसएलसी२४ए५ या जनुकाचा दक्षिण आशियातील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्याचा उजळ रंगाशी निगडित प्रकार युरोपीयांमध्ये व भारतीयांमध्ये एकाच मूळातून आलेला आहे आणि भारतात त्याचे प्रमाण प्रदेशाप्रदेशात, समूहासमूहात फार बदलते, असे त्यातून दिसते. अर्थात एका घरातील दोन सख्ख्या बहिणींत एक गव्हाळ व दुसरी काळीसावळी असणे हे सांगायला जनुकशास्त्राची आवश्यकता नाही. विवाहाच्या जाहिराती वाचणाऱ्या कोणालाही ते ठाऊक असते. मराठीत गोरी, केतकी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, काळी अशी जी रंगांची उतरंड आहे, तिने स्त्रियांवर पुष्कळ अन्याय केला आहे. तरीही छटा ओळखण्याच्या कामी ती ‘एशियन’ या रकान्यापेक्षा अधिक बारीक आहे, हे मान्य करावे लागते.

वंशाऐवजी रंगाचा प्रकार नोंदवावा म्हणून पुष्कळ संशोधक फिट्झपॅट्रिक यांची पट्टी वापरतात. तिचाही उगम पाहण्यासारखा आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ती मांडली ती सोरायसिसच्या प्रकाशोपचारात अतिनील किरणांची मात्रा ठरविण्यासाठी, आणि प्रारंभी ती केवळ गोऱ्या त्वचेच्या चार प्रकारांची होती. तपकिरी व काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. उन्हात गेल्यावर त्वचा भाजते की काळवंडते, या प्रश्नावर ही पट्टी उभी आहे. मे महिन्यात पऱ्हाटीचे धसकटे वेचणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला, तर ती विचारणाऱ्याकडे पाहत राहील. शिवाय जगातील गोऱ्यांना चार खाने आणि उरलेल्या सर्व रंगांना दोन, ही वाटणी वर्ध्यासारख्या ठिकाणी जवळजवळ सर्वांनाच एक-दोन खान्यांत कोंबते आणि नोंद निरुपयोगी करते.

जे मोजले जात नाही

वंशाच्या चर्चेत ज्या गोष्टी झाकल्या जातात, त्यांतील काही त्वचादाहाशी अधिक थेट संबंधित आहेत. त्यांत यंत्र व नियोजन ही गोष्ट सर्वांत प्रथम येते. कॅनडातील एका बहुकेंद्री चाचणीत, जिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, स्तनाच्या सर्व भागांत मात्रा समान पसरेल असे तीव्रता-नियंत्रित नियोजन केल्यावर ओली साल सुटण्याचे प्रमाण ४७.८ टक्क्यांवरून ३१.२ टक्क्यांवर आले. ही घट केवळ मात्रा कशी पसरली यामुळे झाली. कोबाल्ट यंत्राच्या किरणांची कमाल मात्रा त्वचेखाली सुमारे अर्ध्या सेंटीमीटरवर पडते, तर ६ मेगाव्होल्ट लिनिअर ॲक्सिलरेटरची सुमारे दीड सेंटीमीटरवर. म्हणजे कोबाल्टवर उपचार झालेल्या स्त्रीच्या कातडीला मुळातच अधिक मात्रा मिळते. भारतात दीर्घकाळ मोठ्या संख्येने रुग्णांवर कोबाल्टवरच उपचार झाले. शिवाय आपल्याकडे रोग पुढच्या अवस्थेत गेल्यावर येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असल्याने स्तन काढून टाकून छातीच्या भिंतीला किरण देण्याची वेळ अधिक येते, आणि अशा वेळी त्वचेलाही पुरेशी मात्रा मिळावी म्हणून काही ठिकाणी तिच्यावर जेल किंवा मेणाचा थर मुद्दाम ठेवला जातो. हे सर्व बाजूला ठेवून ‘भारतीय स्त्रियांची त्वचा’ आणि ‘ब्रिटिश स्त्रियांची त्वचा’ अशी तुलना कोणी केली, तर ती प्रत्यक्षात दोन यंत्रांची व दोन अवस्थांची तुलना ठरते.

स्तनाचा आकार व शरीराचे वजन यांचा परिणामही अभ्यासांतून पुनःपुन्हा दिसला आहे. मोठ्या स्तनाखालील घडीत आणि काखेत घर्षण होते, ओल टिकते आणि साल प्रथम तेथेच सुटते. अनुवंशिकतेचा भागही आहेच. २०१६ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणातून एटीएम जनुकातील एका बदलाचा किरणोपचाराच्या दुष्परिणामांशी संबंध दाखविला गेला. पण तो संबंध व्यक्तीच्या जनुकाचा होता. त्यासाठी वंशाचा रकाना भरण्याची गरज पडली नव्हती.

हवामानाचा विचार तर परदेशी साहित्यात जवळपास होतच नाही. वर्धा जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा दिवसांत घट्ट, कृत्रिम धाग्याचे पोलके घालून चुलीपुढे बसणाऱ्या किंवा शेतात जाणाऱ्या स्त्रीच्या काखेत व स्तनाखाली घाम सतत साचतो. सैल, सुती कपडे घाला हा सल्ला जगभर दिला जातो. हिंगणघाटच्या कापसासाठी आणि सेवाग्रामच्या चरख्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात तो पाळणे सोपे असायला हवे होते. प्रत्यक्षात बाजारात स्वस्त मिळते ते पॉलिएस्टर. एकच मात्रा, एकच यंत्र आणि एकच रंग असूनही जानेवारीत उपचार घेतलेल्या आणि मे महिन्यात उपचार घेतलेल्या दोन स्त्रियांच्या कातडीची कथा वेगळी असू शकते. उपचाराचा महिना प्रत्येक कागदावर असतो. त्वचादाहाशी ताडून तो क्वचितच पाहिला जातो.

घरी गेल्यानंतर

किरणजन्य त्वचादाह उपचार सुरू होताच वाढत नाही. साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रंग बदलू लागतो, त्यानंतर साल कोरडी होते, आणि अनेकींमध्ये दाहाचा कळस उपचार संपल्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी येतो. पूर्वी उपचार पाच-सहा आठवडे चाले, तेव्हा या कळसाचा काही भाग तरी रुग्णालयात असतानाच दिसत असे. ब्रिटनमधील ‘स्टार्ट’ चाचण्यांनंतर तीन आठवड्यांची पद्धत रूढ झाली, आणि आता एका आठवड्याच्या पद्धतीकडे कल आहे. कोलकाता येथील टाटा मेडिकल सेंटरनेही अशी तुलनात्मक चाचणी हाती घेतली. ग्रामीण रुग्णाच्या दृष्टीने हा बदल निःसंशय हिताचा आहे. खेपा कमी, खर्च कमी, मजुरीचे दिवस कमी बुडतात. परंतु त्याचा एक परिणाम असा, की दाहाचा कळस येतो तेव्हा ती स्त्री आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील आपल्या गावी पोहोचलेली असते.

तेथे तिच्या त्वचेकडे कोण पाहते? सून, जाऊ, क्वचित आशा कार्यकर्ती. घरगुती उपाय सुरू होतात आणि त्यांत हळद अग्रभागी असते, ही स्वाभाविक गोष्ट आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा या जिल्ह्याला हळदीचा अभिमान वाटावा हेही योग्यच. हळदीतील कर्क्युमिनबाबत अमेरिकेत, २००७ च्या अभ्यासातील त्याच रायन यांनी, स्तनकर्करोगाच्या ३० रुग्णांवर चाचणी घेतली व २०१३ मध्ये आशादायक निष्कर्ष दिले. पण २०१८ मध्ये ६८६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तोंडावाटे घेतलेल्या कर्क्युमिनने त्वचादाह कमी झाला नाही. ओल्या झालेल्या कातडीवर हळदीची पूड भरणे ही तर सर्वस्वी निराळी बाब आहे. तीत जखम झाकली जाते आणि जंतुसंसर्गाचा धोका राहतो. शिवाय पिवळ्या लेपाखाली कातडीचा रंग कोणालाच दिसत नाही, डॉक्टरांनाही नाही.

उपचार चालू असताना दाह न ओळखला गेल्यास दुसरी अडचण उद्भवते. वेदना असह्य झाली की रुग्ण उपचार मध्येच थांबविते. किरणोपचारात पडलेला खंड रोगनियंत्रणाला मारक असतो. म्हणजे लाली न दिसल्यामुळे ‘शून्य’ लिहिली गेलेली श्रेणी अखेर कर्करोगाच्या पुनरुद्भवाशी जाऊन भिडू शकते.

वर्धा जिल्ह्याची येथे एक विशेष जमेची बाजू आहे. सेवाग्राम व सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांमुळे ग्रामीण जिल्ह्याच्या मानाने येथे कर्करोगोपचाराची सोय जवळ आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी १९६९ मध्ये देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून सुरू झाली, २०१० पासून संपूर्ण जिल्ह्याची लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. ग्रामीण महाराष्ट्रात अशा नोंदणीची परंपरा १९८७ मध्ये बार्शीने सुरू केली होती. या नोंदण्यांचे प्रयोजन रोगाचे प्रमाण मोजणे हे असते. उपचाराचे दुष्परिणाम त्यांच्या कक्षेत येत नाहीत आणि तशी अपेक्षाही रास्त नाही. पण गावोगाव जाऊन माणसांपर्यंत पोहोचण्याची जी सवय त्यातून जिल्ह्याला लागली आहे, तिचा उपयोग उपचारानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातील एका फोनसाठी किंवा भेटीसाठी करता येणे शक्य आहे.

एक आक्षेप

वंशाचा रकाना काढून टाकल्यास विषमता झाकली जाईल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो गंभीर आहे. अमेरिकेत काळ्या स्त्रियांना उशिरा निदान, अपुरा विमा व दुय्यम वागणूक यांना सामोरे जावे लागते. तेथील अभ्यासकांनी वंश नोंदविला तो हे उघड करण्यासाठीही. आपल्याकडे आदिवासी व दलित स्त्रियांच्या बाबतीत हीच भीती खरी आहे. तेव्हा जात-जमात नोंदवूच नये असे येथे सुचवावयाचे नाही. ती नोंदवावी ती उपचार कधी मिळाला, कोणत्या यंत्रावर मिळाला, मध्येच सुटला का, हे पाहण्यासाठी. त्वचेच्या जैविक वर्तनाचे कारण म्हणून तिचा वापर करणे ही गोष्ट भिन्न आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली की विषमतेचे रूपांतर नकळत ‘त्या लोकांची कातडीच तशी’ या विधानात होते.

रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्याला स्थान देणाऱ्या पट्ट्या आता उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या रुग्णकथित प्रश्नावलीत किरणांमुळे झालेला त्वचादाह आणि त्वचा काळवंडणे हे दोन्ही स्वतंत्रपणे विचारले जातात. तिचा उपयोग करताना प्रश्नांचे शब्द मात्र येथील असावे लागतील. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारी बाई ‘दाह’ म्हणत नाही; ती ‘आग होऊन राहिली’ म्हणते. चुरचुरणे, हुळहुळणे, ठणकणे, पाझरणे, चिघळणे हे तिच्या तोंडचे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. हुळहुळणारी कातडी अजून शाबूत असते, पाझरणारी सुटलेली असते. लालीवर उभ्या असलेल्या पहिल्या दोन श्रेणींपेक्षा हा क्रम अधिक स्पष्ट आहे आणि तो कोणत्याही रंगाच्या त्वचेला लागू होतो.

रंगाच्या तुलनेसाठीही बाहेरचा नमुना शोधण्याची गरज नाही. एका बाजूला उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरावर दुसऱ्या बाजूची, किरण न लागलेली कातडी असतेच. तिचा वंश, जात, रंग, वय आणि उन्हाळा तोच असतो. पहिल्या बैठकीच्या दिवशी, प्रत्येक आठवड्याला आणि उपचार संपल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात, उजव्या व डाव्या बाजू एकाच उजेडात शेजारी ठेवून पाहाव्यात, तळहाताने दोन्हीकडची ऊब व ताठरपणा तपासावा, आणि श्रेणीच्या आकड्याशेजारी दोहोंतील फरक तिच्याच शब्दांत लिहावा.